डाव्या हाताचा मळ

एका मैत्रिणीला मी रेकॉर्ड केलेल्या गाण्यातले गायकाचे श्वास कसे साफ करते ते दाखवायचं होतं. सांगत बसण्यापेक्षा दाखवणं सोपं, म्हणून एडिटिंगला बसताना स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पाठवण्याआधी सहज स्वतः पाहायला घेतलं आणि दहाव्या मिनिटाला बंद केलं. माउसचा बाण वर मेनूत जातो, खाली येतो, क्लिपच्या (रेकॉर्डिंगच्या तुकड्याच्या) कडेवर अडखळतो, भलतीच क्लिप पकडतो, कंट्रोल झेड, पुन्हा वर. सहा वर्षं हे काम करतेय आणि अजून चाचपडत असल्यासारखी दिसत होते. ते रेकॉर्डिंग मैत्रिणीला पाठवलं नाही हे सांगायला नकोच.

मग हिशोब मांडला. एका श्वासाचा आवाज खाली उतरवायचा म्हणजे झूम करा, कर्सर ठेवा, कापा, दुसऱ्या टोकाला जा, पुन्हा कापा, मधला तुकडा निवडा, त्याची प्रॉपर्टीज उघडा, व्हॉल्यूमच्या चौकटीत जा, आकडा टाका, ओके करा, झूम बाहेर. अकरा हालचाली, एका श्वासासाठी. चार मिनिटांच्या गाण्यात मुख्य आवाज, त्याचा डबल (तेच पुन्हा गाऊन घेतलेलं) आणि दोन हार्मनी (वेगळ्या सुरातली साथ) धरल्या तर श्वास शंभराच्या पुढे सहज जातात.

शॉर्टकट मला येत नव्हते असं नाही. स्पेस, आर, कंट्रोल झेड, कंट्रोल एस, एस दाबून कापणं, एवढं प्रत्येकाला येतं. माझं काम मुख्यतः रीपर या रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. त्यात प्रश्नचिन्ह दाबलं की ॲक्शन लिस्ट उघडते आणि तिच्यात हजारो क्रिया असतात, बहुतेकींना कळ दिलेलीच नसते. मी उत्साहाच्या भरात सगळ्या मुख्य शॉर्टकटची दोन पानी यादी छापली आणि मॉनिटरच्या शेजारी चिकटवली. पंधरा दिवसांनी मला त्यातले नेमके तेच शॉर्टकट येत होते, जे आधीपासून येत होते.

का, ते पुढे कळलं. १९८० साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन नेवेल यांनी संगणकावरच्या कामाचा वेळ मोजायची एक पद्धत मांडली होती. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात. माउसने पडद्यावरचं ठिकाण गाठायला १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४. आणि पुढची हालचाल मनाशी जुळवायला १.३५ सेकंद. सगळ्यात मोठा आकडा हा शेवटचा, आणि मी तोच धरला नव्हता. भिंतीवरच्या यादीत कळ शोधायची म्हणजे तो १.३५ चा खड्डा आणखी खोल करायचा. त्यापेक्षा मेनू बरा, तो निदान डोळ्यांना पाठ असतो.

यादी काढून टाकली. तिच्या जागी कीबोर्डशेजारी एक कोरा कागद ठेवला. हात मेनूकडे गेला की थांबायचं, काय करायला गेला ते लिहायचं, दुसऱ्यांदा गेला की पुढे एक रेघ. आठवडाभर हे केलं. कामाची लय पार बिघडली आणि मी चिडचिडी झाले, पण कागद खरं बोलला. मला वाटत होतं प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअरं) उघडण्या-बंद करण्यात वेळ जातो. त्याच्यापुढे चारच रेघा होत्या. सगळ्यात लांब रांग झूमची निघाली. आत जा, बाहेर ये, ट्रॅकची (एकेका आवाजाच्या पट्टीची) उंची वाढव, पुन्हा सगळं गाणं दिसू दे. त्या खालोखाल निवडलेल्या भागावर दोन्हीकडून कापणं, ऑटोमेशनच्या (आवाज आपोआप वरखाली करणाऱ्या) रेषा दाखवणं-लपवणं आणि एका ट्रॅकवरचे इफेक्ट दुसरीकडे नेणं. पहिल्या पाच ओळींत बहुतेक रेघा संपल्या.

म्हणून आठवड्याला एकच कळ शिकायची ठरवली. पहिल्या आठवड्यात ‘निवडलेला भाग पडदाभर’ आणि ‘सगळं गाणं पडदाभर’, ही जोडी एक धरून. बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी बोट आपोआप जायला लागलं.

कळा कुठे ठेवायच्या यावर मी नको इतका विचार केला, पण एक निर्णय चांगला ठरला. उजवा हात माउसवरच राहणार हे मान्य करायचं आणि जे काही द्यायचं ते डाव्या हाताच्या आवाक्यात. क्यू, डब्ल्यू, ई, ए, डी, एफ, झेड, एक्स, सी. कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट अशी तिहेरी गाठ कुठेही नाही. सुरुवातीला एक-दोन ठेवल्या होत्या, करंगळी दुखायला लागली तेव्हा काढल्या. स्पेस, एस, आर, कंट्रोल झेड यांना हात लावला नाही. त्या कळा आपल्या नसतात, रीपर वापरणाऱ्या सगळ्या जगाच्या असतात. एखादी कळ आधीच कशाला बांधलेली आहे का हे पाहायला रीपरच्या ॲक्शन लिस्टमध्ये शॉर्टकट शोधायचं बटण आहे. ते दाबून कळ दाबली की मालक सापडतो. मला हे बटण दिसायला सहा वर्षं लागली.

एका गोष्टीने मात्र दोन दिवस छळलं. मुख्य खिडकीत चालणारी कळ मिडी एडिटरमध्ये, म्हणजे वाद्यांचे सूर लिहायच्या खिडकीत, चालेना. मी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करण्यापर्यंत पोचले होते. कारण साधं होतं. ॲक्शन लिस्टमध्ये मुख्य खिडकी, मिडी एडिटर, मीडिया एक्सप्लोरर असे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकाच्या कळा वेगळ्या. एकीकडे दिलेली कळ दुसरीकडे अनोळखी.

आता त्या श्वासाकडे येते. रीपरमध्ये अनेक क्रिया एकापाठोपाठ ओवून एक कस्टम ॲक्शन बनवता येते. मी ओवलं ते असं: निवडलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी काप, मधल्या तुकड्याचा आवाज एक डेसिबलने खाली, आणि ही दुसरी क्रिया आठ वेळा. एकच ओळ आठदा लिहिलेली यादी दिसायला वेडगळ दिसते, पण चालते. शेवटी त्या भागाची निवड पुसून टाकायची. हे सगळं एफ या कळेवर. माउसने श्वासावर ओढायचं, एफ दाबायचं, पुढे. अकरा हालचालींच्या दोन झाल्या. तिथेच अनडूचे टप्पे एकत्र करायची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर एक श्वास परत आणायला दहा वेळा कंट्रोल झेड मारावं लागतं. मी विसरले होते.

पहिल्या संध्याकाळी एका बैठकीत पूर्ण गाणं साफ झालं आणि मी स्वतःवर खूष होते. दोन दिवसांनी मिक्स ऐकताना हार्मनी मधेच बसल्यासारखी वाटली. शब्दाच्या ऐन मध्यावर आवाज खाली जायचा आणि परत यायचा. आधी कॉम्प्रेसरवर (आवाजातले चढउतार दाबणारा इफेक्ट) संशय घेतला, मग रूटिंगवर (कोणता आवाज कुठे जातो त्यावर). शेवटी खाली स्क्रोल करून हार्मनीच्या ट्रॅकवर पाहिलं तर तिथेही एफच्या खुणा. झालं असं होतं की काम सुरू करताना हार्मनीच्या क्लिपही निवडलेल्या राहिल्या होत्या, पडद्याच्या खाली, नजरेआड. कापायची क्रिया निवडलेल्या प्रत्येक क्लिपवर चालते. मी वर मुख्य आवाजाचा श्वास कापत होते आणि खाली हार्मनीचा शब्द कापला जात होता. माउसने काम करताना हे झालं असतं तर पहिल्या दुसऱ्या वेळीच दिसलं असतं. कळेने ते ऐंशी वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी बिनबोभाट.

उपाय म्हणजे यादीच्या डोक्यावर आणखी दोन ओळी. आधी सगळ्या क्लिपची निवड पुसायची, मग निवडलेल्या ट्रॅकवरच्या, निवडलेल्या भागातल्याच क्लिप घ्यायच्या. तेव्हापासून कुठलीही कस्टम ॲक्शन लिहिताना मी पहिली ओळ ‘सगळं सोडून दे’ अशीच लिहिते.

याच सुमारास मी एक मिडी कंट्रोलर घेतला. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा. आठ फेडर (वरखाली सरकवायच्या दांड्या), आठ नॉब (फिरवायच्या गुंड्या), खाली बटणांच्या रांगा. दिसायला विमानाच्या कॉकपिटसारखा. एका रविवारी बसून इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, सगळ्यांना नॉब वाटून टाकले.

सोमवारी पियानोचे स्वर अडकायला लागले. सुटलेली बोटं, पण सूर चालूच. रिव्हर्बची (घुमण्याच्या इफेक्टची) शेपूट लांब झाली असेल म्हणून अर्धा तास तिथे घालवला. चूक माझ्याच नंबरांत होती. मी नॉबना ६० पासून ओळीने कंट्रोल नंबर (काय हलवलं हे सांगणारे आकडे) दिले होते. पाचव्या नॉबला आला ६४. मिडीमध्ये ६४ म्हणजे सस्टेन पेडल. मूल्य ६३ पर्यंत पेडल वर, ६४ पासून पुढे खाली. माझा नॉब अर्ध्याच्या पुढे गेला की त्याचा संदेश प्लगइनला जायचाच, शिवाय आर्म केलेल्या (रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवलेल्या) पियानोच्या ट्रॅकवरही पोचायचा आणि पियानोला वाटायचं कोणीतरी पेडल दाबून धरलंय. असे बरेच नंबर आधीच ठरलेले असतात: १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन, १२० पासून पुढचे तर सगळे सूर बंद करा वगैरे हुकूम. मोकळे आहेत २० ते ३१ आणि १०२ ते ११९. मी आता तेवढेच वापरते.

दुसरा त्रास उडीचा. फेडर खाली पडलेला असतो, पडद्यावरचं मूल्य वर असतं, तुम्ही फेडरला नुसता स्पर्श करता आणि गायकाचा आवाज गायब. साधा फेडर स्वतःची जागा सांगतो, सॉफ्टवेअरची जागा त्याला माहीत नसते. रीपरमध्ये मिडी लर्न करतानाच, म्हणजे फेडर कशाला जोडायचा ते ठरवतानाच, सॉफ्ट टेकओव्हरची चौकट असते. ती निवडली की फेडर पडद्यावरच्या मूल्याला जाऊन भिडेपर्यंत काही होत नाही. उडी थांबते, पण मग फेडर हलवतोय आणि काहीच होत नाही असे दोन सेकंद येतात आणि तेही डोक्यात जातात. खरा उपाय गोल फिरत राहणारा एन्कोडर. तो जागा सांगत नाही, फक्त ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे’ एवढंच सांगतो. त्यातही गोम आहे. ‘एक मागे’ हे कोणी १२७ पाठवून सांगतं, कोणी ६३, कोणी ६५. रीपरमध्ये तीन वेगळे रिलेटिव्ह मोड त्यासाठीच. चुकीचा मोड लावला की नॉब जरासा फिरवला तरी मूल्य थेट टोकाला जातं. तिन्ही मोड लावून बघायचे, त्यातला एक शहाण्यासारखा वागतो.

एवढं सगळं सुरळीत झाल्यावर लक्षात आलं की कोणता नॉब कशाचा हे मला आठवत नाही. म्हणजे पुन्हा तोच १.३५ सेकंदांचा खड्डा, फक्त आता त्याच्यावर चमकते दिवे. चिकटपट्टीवर नावं लिहिली, पण प्लगइन बदलला की नावं खोटी. दोन महिन्यांत कॉकपिट कपाटात गेलं.

टेबलावर राहिल्या दोन वस्तू. एक, सुटा मिळणारा नऊ कळांचा छोटा पॅड. त्याच्या कळांना मी एफ १३ ते एफ २१ असे कोड दिले आहेत. एफ १२ नंतरच्या कळा नेहमीच्या कीबोर्डवर नसतात, पण संगणकाला त्या एफ २४ पर्यंत ओळखता येतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या सहसा कशालाच बांधलेल्या नसतात. भांडणच नाही. पॅडवर लेअर करता येतात, म्हणजे एक कळ दाबून धरली की बाकी आठांचा अर्थ बदलतो. मी तीन लेअर केले, दोन विसरले, एक ठेवला.

दुसरी वस्तू म्हणजे एकच फेडर असलेलं, मोटर लावलेलं छोटं यंत्र. जो ट्रॅक निवडला त्याच्या व्हॉल्यूमवर फेडर आपणहून जाऊन बसतो, त्यामुळे उडीचा प्रश्न मिटला. साध्या मिडी कंट्रोलला ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात. गाण्याच्या आवाजाला हळूच वर न्यायचं असेल तर त्या पायऱ्या कधीकधी जाणवतात, फिल्टर फिरवताना तर हमखास. मॅकी कंट्रोल नावाच्या पद्धतीची यंत्रं फेडरसाठी पिच बेंडचा (एरवी सूर वाकवायचा) संदेश वापरतात, त्यात १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या मावतात. फेडरची यंत्रणा प्रत्यक्षात त्याहून कमीच देते, पण १२८ पेक्षा कितीतरी जास्त. ऑटोमेशन टच मोडवर ठेवायचं, बोट फेडरवर, डोळे मिटायचे आणि गाणं सुरू. बोट उचललं की फेडर जुन्या जागी परत. गायकाचा आवाज ओळीओळीला वरखाली करणं मी आधी माउसने बिंदू ओढून करायचे आणि ते दिसायला सुबक व्हायचं. आता दिसायला वेडंवाकडं होतं आणि ऐकायला बरं. या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप वसूल झाला असं मला वाटतं, बाकी काही कामाला आलं नसतं तरी.

टेम्प्लेटबद्दल, म्हणजे आधीच मांडून ठेवलेल्या कोऱ्या प्रोजेक्टबद्दल, फार सांगत नाही. बस, सेंड (आवाज एकत्र नेण्याचे आणि इफेक्टकडे पाठवण्याचे मार्ग), रंग, नावं आधीच तयार ठेवा. सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात.

हातांना सवय लागली की ती परक्या घरी उघडी पडते. एका दुसऱ्या स्टुडिओत, प्रो टूल्स या वेगळ्या सॉफ्टवेअरवर, एका गायिकेचे टेक (एकाच ओळीचे वेगवेगळे प्रयत्न) निवडायला बसले होते. गायिका मागेच सोफ्यावर. ओळीच्या मधे कापायचं म्हणून सवयीने एस दाबलं आणि ओळीचा पुढचा भाग नाहीसा झाला. तिथे कीबोर्ड फोकस (एकाच कळेचे शॉर्टकट चालवणारी सोय) चालू असला की एस म्हणजे कर्सरपासून क्लिपचं शेपूट छाटणं, आणि कापण्यासाठी बी. कापायला लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये कमांड टी, एबलटन लाइव्हमध्ये कंट्रोल ई. क्लिप छाटली तरी मूळ रेकॉर्डिंग शाबूत असतं, एका अनडूने सगळं परत आलं. पण मागून आवाज आला, “ताई, माझी ओळ गेली का हो?” आणि पुढचा तासभर मी प्रत्येक कळ बघून बघून दाबली. हल्ली माझ्या रीपरची की-मॅप फाइल (कळांची मांडणी) पेन ड्राइव्हवर असते. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसायचं असेल तर कोरा कागद घेऊन तिथल्या पाच कळा आधी लिहून काढते.

पॅडवरच्या नऊ कळांमध्ये जी सगळ्यात जास्त झिजली ती वेळ वाचवणारी नाहीच. ती निवडलेल्या ट्रॅकचे सगळे इफेक्ट बंद-चालू करते. मी काय करते, की आधी इफेक्टसह आणि इफेक्टविना दोन्हींचा आवाज सारखा करून घेते, कारण जे जरा मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. मग डोळे मिटून ती कळ पटापट, मोजदाद हरवेपर्यंत दाबते. आता इफेक्ट चालू आहेत की बंद, मला माहीत नाही. मग ऐकायचं. पुन्हा एकदा दाबून ऐकायचं. यातलं कुठलं आवडलं ते ठरवायचं आणि मगच डोळे उघडायचे. पहिल्या आठवड्यात मी माझ्याच लाडक्या प्लगइन साखळ्यांना तीनदा नापास केलं. एका ट्रॅकवर सहा प्लगइन होते, एक इक्वलायझर तेवढा राहिला. शेजारच्या कळेवर मोनो (डावं-उजवं एकत्र करून ऐकणं) आहे. ती दाबली की रुंद पसरलेले कीबोर्ड (वाद्य) कुठे गायकाच्या आवाजाला गिळतायत ते लगेच कळतं. माउसने हे सगळं तेव्हाही करता येत होतंच, पण बटण शोधायला डोळे लागायचे, आणि डोळे उघडे असले की उत्तर आधीच माहीत असायचं.

आणि एफ. ती कळ इतकी सोपी झाली होती की मी प्रत्येक श्वासावर दाबायला लागले. श्वास दिसला की ओढ, दाब, पुढे. हाताला इतकी चटक लागली की मधे ऐकणं बंद झालं, वेव्हफॉर्म (आवाजाचं पडद्यावरचं चित्र) बघूनच काम व्हायला लागलं. एका संथ गाण्याचं मिक्स गायकाला पाठवलं. जुना मित्र आहे. त्याचा फोन आला. “अगं, सूर स्वच्छ आहेत, सगळं छान आहे, पण मी या गाण्यात जिवंत आहे का? एकदाही श्वास घेतलेला नाही मी.”

पुन्हा ऐकलं. बरोबर होतं त्याचं. कडव्याच्या आधीचा तो लांब श्वास, ज्याच्यामुळे पहिला शब्द जड वाटायचा, तो मी आठ डेसिबल खाली गाडून टाकला होता. आधीच्या पद्धतीने अकरा हालचाली कराव्या लागत होत्या तेव्हा मी तो श्वास हमखास सोडून दिला असता, आळसाने का होईना.

त्या गाण्यातले चौदा श्वास हाताने परत आणले, एकेक ऐकून. एफ अजून आहे, पण तिच्या यादीतल्या आठ ओळींच्या आता चार झाल्यात. आणि ती गाणं चालू असतानाच वापरायची असं ठरवलंय. थांबलेल्या गाण्यात सवयीने बोट जातंच, मग कंट्रोल झेड.